स्थळप्रत

ऑफिसात तिला सगळे जावकबाई म्हणत. पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र तिच्या टेबलावरून जायचं. पत्रावर जावक क्रमांक घालायचा, तारखेचा शिक्का मारायचा, पाकीट चिकटवायचं आणि पत्राची एक प्रत पंच करून फाईलला लावायची. या प्रतीला स्थळप्रत म्हणतात. पत्र जातं, स्थळप्रत जागेवर राहते. शेजारच्या टेबलावर आवकवाले काका बसत; बाहेरून येणारी पत्रं त्यांच्या ताब्यात. निवृत्तीला टेकलेले काका चहाच्या वेळी नेमाने एकच विनोद करत, "जावकबाई, तुमच्याकडून नुसतं जातच असतं हो. कधी काही येऊ पण द्या की." आणि तीही नेमाने म्हणे, "येईल तेव्हा तुमच्याच टेबलावर येईल, काका. बसा वाट बघत."

नोकरीला लागली त्या वर्षीच एक भानगड झाली होती. मोठी जलवाहिनी फुटून आख्खी गल्ली पाण्याखाली गेली. 'वाहिनी गंजली आहे, लक्ष घाला' असं पत्र ऑफिसातून आधीच गेलेलं होतं, पण ज्या साहेबाला गेलं त्याने कानावर हात ठेवले. आपल्याला काही मिळालंच नाही म्हणाला. चौकशी बसली आणि सगळ्यांच्या नजरा नव्या पोरीकडे वळल्या. तिने उठून कपाट उघडलं, फाईल काढली, स्थळप्रत समोर ठेवली. खाली साहेबाच्याच शिपायाची पोच होती. बाहेर आल्यावर हेडक्लार्क तिला हळूच म्हणाले, "वाचलात, बाई. आता एक सवय लावून घ्या. काहीही लिहिलंत तरी आधी मनाला विचारायचं, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला काय आहे?"

ती सवय तिच्या हाडीमाशी खिळली. मुलीच्या शाळेला दिलेल्या रजेच्या चिठ्ठ्या, इमारतीच्या कमिटीला केलेल्या तक्रारी, गॅसवाल्याला लिहिलेलं खरमरीत पत्र, सगळ्याच्या प्रती घरच्या कपाटात फाईलबंद. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, कमी बोलणारा माणूस. पण पाहुणे आले की त्याला कंठ फुटायचा. "मी उद्या घर सोडून निघालो ना, तर ही आधी माझी स्थळप्रत काढून घेईल, मग जा म्हणेल." सगळे हसत. तीही हसे.

त्यांना दोन मुलं. मुलगी मोठी, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली. मुलगा धाकटा. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून टिल्लू. पुढे एवढा उंच झाला की दारातून येताना मान झुकवायची वेळ आली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

हा टिल्लू कॉलेजच्या हॉस्टेलमधून वर्ष अर्धवट टाकून एक दिवस घरी आला. हातात एक बॅग. काय झालं, कोणी काही बोललं का, नापास झालास का, पैकी कशालाच उत्तर नाही. बूट काढले, आपल्या खोलीत गेला आणि आतून कडी लावली. दमला असेल, दोन दिवस झोपू दे, असं दोघं एकमेकांना सांगत राहिले. दोन दिवसांचे आठवडे झाले. ती आणि नवरा कामाला गेले की तो बाहेर येई, झाकून ठेवलेलं खाई, अंघोळ करी, ताट घासून पालथं घाली आणि पुन्हा आत. घरात मुलगा आहे याची खूण म्हणजे पालथं ताट आणि बाथरूममधला ओला टॉवेल. ऑफिसातून आल्याबरोबर पायातली चप्पल न काढता ती आधी टॉवेल चाचपून बघे. पुढे पुढे ताट अर्धं तसंच झाकलेलं राहू लागलं.

घर चौथ्या मजल्यावर. टिल्लूच्या खोलीला एक मोठी खिडकी आहे. त्याबद्दल नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत.

मनाच्या डॉक्टरकडे टिल्लू येणार नव्हताच. शेवटी हीच दोघं गेली. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दार बडवू नका. बोलायला जमत नसेल तर लिहा. दोन ओळी लिहा, दाराखालून सरकवा. उत्तर मागू नका. मात्र त्याने खाणं सोडलं तर थांबायचं नाही, लगेच घेऊन यायचं. कसंही करून."

लिहा म्हटल्यावर तिला जरा हुरूप आला. आपल्याला येतं असं एक काम तरी निघालं! ऑफिसात आता कार्बन कोणी वापरत नाही, पण तिच्या खणात एक डबी शिल्लक होती. ती घरी आणली. पहिली चिठ्ठी लिहिली ती अशी : 'काल ठेवलेले ताट अर्धे तसेच परत मिळाले. कारण कळावे.' वाचून तिलाच हसू फुटलं. खाली 'प्रत माहितीसाठी : बाबा' एवढंच लिहायचं राहिलं होतं. तो कागद चुरगळून तिने दुसरा घेतला. ऑफिसात करतात तसा आधी कच्चा खर्डा केला, खोडाखोड केली, मग कार्बन घालून स्वच्छ अक्षरात उतरवलं. खालची प्रत पंच करून फाईलला लावली, वरची दाराखालून आत सरकवली.

दुसऱ्या दिवशी ताट रिकामं होतं.

मग ती रोज लिहू लागली. पावसाचं, शेजारच्या मांजरीचं, आवकवाल्या काकांच्या विनोदाचं. हळूहळू हात बसला. ऑफिसात जाता-येता वाक्यं सुचायला लागली. नवऱ्याला ती खर्डा वाचून दाखवी. तो हाताचं ग्रीस पुसत 'चांगलंय' म्हणे. प्रतीचा फोटो काढून ती मुलीला पाठवी. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, काय लिहितेस गं! मला का नाही कधी असं लिहिलंस?" तिला बरं वाटायचं. किती महिन्यांनी कुणीतरी तिला काहीतरी बरं म्हणत होतं.

एकदा तिने टिल्लूच्या लहानपणावर लिहिलं. तो रात्रभर तिचा अंगठा मुठीत धरून झोपायचा, सोडवायला गेलं की रडायचा, म्हणून ती अवघडून बसून राहायची. शेवटी लिहिलं, 'तो अंगठा अजून तिथेच आहे, तू हात पुढे कर.' या एका वाक्यासाठी तिने तीन खर्डे केले होते. मुलीला फोटो गेला. मुलीने भरल्या डोळ्यांनी तो आत्याला पाठवला. आणि आत्याने, म्हणजे तिच्या मोठ्या नणंदेने, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपचं नाव 'सगळे आपलेच'. वर आत्याने लिहिलं होतं : 'आईचं काळीज. प्रत्येकाने वाचा आणि पुढे पाठवा.' भराभर हात जोडलेली चित्रं आली. कुठल्याशा चुलतभावाने विचारलं, 'मस्त. कुणी लिहिलंय?'

त्याच्याखाली एक बारीक ओळ उमटली. टिल्लू ग्रुपमधून बाहेर पडला होता.

तो त्या ग्रुपमध्ये आहे हे एकाच्याही लक्षात नव्हतं. तिच्यासुद्धा.

तिने नणंदेला फोन लावला तेव्हा नणंद उलट दुखावली. "अगं, पण मी कौतुकच केलं ना!"

"कौतुक माझं केलंत, वन्सं. घर त्याचं उघडं पाडलंत."

"फोटो काय मी येऊन काढला होता का तुझ्या कपाटातून?"

तिने फोन ठेवून दिला.

त्या दिवसापासून ताट हललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टॉवेल कोरडा ठणठणीत. दाराला कान लावला की पलंगाची करकर ऐकू येई, म्हणजे होता, पण ताटाशेजारच्या तांब्यातलं पाणीही तसंच. मुलगी फोनवर रडत होती, "आई, माझंच चुकलं, मी आत्याला पाठवायलाच नको होतं." ती म्हणाली, "रडू नकोस. रडायला माणसं कमी नाहीयेत इथे."

नवऱ्याने रविवारी सकाळी हत्यारांची पेटी बाहेर आणून ठेवली. "संध्याकाळपर्यंत बघतो. मग बिजागऱ्या काढतो. दार अख्खं बाहेर घेतो. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते ऐकलंयस तू."

"आणि खिडकी?"

त्याने पेटीतला स्क्रूड्रायव्हर काढून पुन्हा आत ठेवला. मग म्हणाला, "कामावरची दोन पोरं बोलावतो. खाली उभी करतो."

"उभी करून? झेलणार आहेत?"

"मग काय करू सांग! तू सांग!" आयुष्यभर अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढणारा तो माणूस तिच्यावर ओरडला आणि लगेच आवाज खाली आणून म्हणाला, "दार उघडायला मला दोन मिनिटं लागतात गं. दोन मिनिटं. तेवढ्या वेळात तो काय करेल, ते मला माहीत नाही." आणि डबा न घेताच, कुठलीशी लिफ्ट बंद पडली म्हणून फोन आला होता तिकडे निघून गेला.

ती लिहायला बसली. क्षमा मागायची होती. खर्डा केला. 'घडल्या प्रकाराबद्दल' असं लिहिलं, खोडलं. 'अनवधानाने' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी दहा ओळींचं एक नीटस पत्र तयार झालं. कार्बन घातला, उतरवलं. खालची प्रत पंचमध्ये धरली, दाबली, फाईलला लावली. मग वाकून चिठ्ठी दाराखाली सरकवली.

"लावलंस फाईलला?"

ती जागच्या जागी थिजली. बरेच दिवस बंद असलेल्या नळातून आधी हवाच येते, तसा तो आवाज होता.

"टिल्लू? टिल्लू, तू बोललास?"

"फाईलला लावलंस का, विचारलं. ऐकू येतं मला. आधी खटक. मग चिठ्ठी. रोज."

"सवय आहे रे ती मेली. हात आपोआप..."

"असू दे. उद्या मी नसलो तर लागेल ना तुला. दाखवायला. मी सगळं केलं म्हणून. तारखेवार."

"असलं काही बोलू नकोस! टिल्लू! दार उघड, बाळा. मी पाया पडते तुझ्या."

तिने हाका मारल्या, दार बडवू नका म्हटलेलं विसरून दार बडवलं, मग खिडकीची आठवण येऊन हात तोंडात कोंबला. पलंग करकरला. तेवढ्यावर ती उठली.

स्वयंपाकघरात जाऊन तिने ती फाईल उघडली. पहिल्यापासून वाचत गेली. चांगलं लिहिलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. प्रत्येक चिठ्ठीत आई शहाणी होती, सोशिक होती, कधी चिडलेली नव्हती, कधी दमलेली नव्हती. ही बाई कोण, असं तिला वाटलं. टिल्लू हिला ओळखत असणं शक्यच नव्हतं. आणि वाचता वाचता तिला टेबलापलीकडे कुणीतरी बसलेलं दिसायला लागलं. चेहरा दिसत नव्हता. कधी तो डॉक्टरबाईंसारखा वाटे, कधी नणंदेसारखा, कधी चौकशीला आलेल्या कुठल्या साहेबासारखा. तो एकेक पान उलटत होता, आणि शेवटी फाईल मिटून म्हणत होता, नाही, यात बाईंची काही चूक दिसत नाही.

म्हणजे मुलगा मेल्यानंतर वाचली जाईल अशी फाईल तिने स्वतःच्या हाताने तयार केली होती. तो जिवंत असताना. रोज.

फाईल ओट्याखाली ढकलून ती खाली बसली.

नवरा आला तेव्हा ती तिथेच जमिनीवर बसलेली होती. तो काही विचारण्याआधीच म्हणाली, "थोडा वेळ द्या मला."

"सकाळपासून वेळच देतोय."

"लिहायचंय."

"अजून लिहायचंय?" त्याच्या तोंडून जवळजवळ शिवीच निघणार होती.

"हे तुम्हाला वाचून दाखवणार नाही."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग पेटी उचलून टिल्लूच्या दारासमोर भिंतीला पाठ लावून बसला. पेटी मांडीवर. उघडली नाही.

तिने हाताला लागला तो कागद घेतला. वाण्याच्या पुडीचा असावा, कडेला तेलाचा डाग होता. खर्डा केला नाही. कुणी वाचलं तर काय म्हणेल हा विचार येत होता, येतच होता. पण आज तिने उलटं केलं. कुणी वाचलं तर आपल्याला मान वर करता येणार नाही, असं जे जे मनात होतं तेच लिहीत गेली.

'टिल्लू, मी ऑफिसात सगळ्यांना सांगते की तू हॉस्टेलवरच आहेस आणि अभ्यास जोरात चालू आहे. काकांना परवा तुझे मार्कसुद्धा सांगितले. मनातले. मला तुझी लाज वाटते आणि मग माझी वाटते. घरी येताना मी कोपऱ्यावरून खिडकी बघते. बंद असली की जीव भांड्यात पडतो आणि पुढच्याच क्षणी तुझा इतका राग येतो की वाटतं उलट्या पावली निघून जावं, कुठेही. तुला काय झालंय ते मला कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेही नीट कळलं नाही, मी नुसती मान हलवत होते. तू आलास त्या दिवशी मी गॅलरीतून तुला फाटकातून आत येताना पाहिलं होतं. तुझी चाल बघूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. आणि मला वाटलं, दार उघडूच नये. घरात कुणी नाही असं समजून हा परत जाईल. आईला असं वाटतं का, मला माहीत नाही. मला वाटलं.'

पुढे लिहिता येईना. खाली 'तुझी आई' लिहायचं होतं, तेही राहिलं. ती उठली, नवऱ्याचे पाय ओलांडून दारापाशी गेली, बसली, कागद आत सरकवायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. हे त्याला द्यायचं? दोन दिवसांच्या उपाशी पोराला? आई असून? काही झालं तर याच कागदाने झालं असं होईल. तिने बोटांनी कड घट्ट धरली. मागे ओढणार, तोच कागद पलीकडून ओढला गेला.

तिने सोडला नाही. पलीकडूनही सुटला नाही. एवढ्या आठवड्यांत त्याच्या हाताचा जोर तिला पहिल्यांदा लागत होता. मग तेलाच्या डागापाशी कागद फाटायला लागला आणि तिने बोटं उघडली.

नवरा श्वास रोखून बघत होता. आत कागदाची सळसळ झाली. मग तोच घोगरा आवाज आला, या वेळी अगदी खालून, दाराच्या फटीजवळून.

"खरंच वाटलेलं?"

नवरा बाजूलाच बसला होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हो."

"मग उघडलंस कशाला?"

तिला काही चांगलं सुचलं असतं तर ती बोलली असती. "तू परत बेल वाजवलीस," ती म्हणाली.

दार चौकटीत किंचित बाहेर दाबलं गेलं. तो पाठ टेकून बसला होता. तिनेही अंग टेकलं. रडू नको असं स्वतःला बजावत ती रडत होती, तोंड दाबून, आणि नवऱ्याचा हात तिच्या खांद्यापर्यंत येऊन तिथेच थबकला होता, कुठे ठेवावा न कळल्यासारखा.

"मीपण जिन्यातून परत निघालो होतो," आतून आलं. मग बऱ्याच वेळाने, "भात नको. गिळवत नाही. पातळ काहीतरी दे."

ती उठायला गेली तर पाय बधिर झालेले. नवऱ्याने तिला खाली दाबून बसवलं आणि पेटी बाजूला सारून स्वतः धडपडत स्वयंपाकघरात गेला. इतक्या वर्षांत त्याने गॅसजवळ चहापलीकडे काही केलं नव्हतं. भांडी आपटल्याचे आवाज आले. काहीतरी खाली पडलं, घरंगळत गेलं. दाराची कडी अजून आतून लागलेलीच होती, खिडकी होती तिथेच होती.

"अगं, मीठ कुठे ठेवतेस तू?" त्याने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं.

ती डोळे पुसत सांगायला वळली.

"मधल्या फळीवर," दारामागून टिल्लू म्हणाला. "डावीकडे. निळ्या झाकणाचा डबा."